वरण सोडून पावडर धरायची का?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी ३४ वर्षांची, नागपुरात मनीषनगरला राहते, नोकरी मिहानमध्ये. उंची १५८ सेंटीमीटर. अडीच महिन्यांपूर्वी वजन ७९ किलो होतं, आता ७४ आहे. सगळे कौतुक करतात, पण मला मनातून बरं वाटत नाही. पोट जवळपास तसंच आहे, हात मात्र बारीक झाले. केस गळतात. पाण्याची कॅन पूर्वी एका दमात वरच्या मजल्यावर न्यायची, आता मध्ये टेकवावी लागते. जिमचे ट्रेनर म्हणतात, ‘वजन कमी करताना मसल वाढवायचा तर सप्लिमेंटशिवाय जमतच नाही.’ त्यांनी यादी दिली : व्हे प्रोटीन, बीसीएए, फॅट बर्नर, क्रिएटिन आणि मल्टिव्हिटॅमिन. सगळं मिळून साडेअकरा हजार. माझे सासरे डायलिसिसवर आहेत, म्हणून सासूबाई म्हणतात की पावडर घरात आणायचीच नाही, किडनी जाते. मला थायरॉइडची गोळी सुरू आहे. अंडं खाते, पण सोमवार-गुरुवार नाही आणि श्रावणात अजिबात नाही. चिकन-मटण खात नाही. खरंच या सगळ्याची गरज आहे का? सोबत एका दिवसाचं खाणं लिहून पाठवते.
ता. क. शनिवारचा तर्री पोहा सोडावा लागेल का?

उत्तर :

ताई, नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. गरज नाही. यादीतल्या पाच वस्तूंपैकी एकही अशी नाही, की जिच्यावाचून चरबी घटताना स्नायू टिकत नाहीत किंवा वाढत नाहीत. व्हे प्रोटीन काही ठराविक दिवशी तुमच्या कामाला येईल. क्रिएटिन वाटलं तर तीन महिन्यांनी बघू. बीसीएए आणि मल्टिव्हिटॅमिनवर पैसे घालवू नका. आणि फॅट बर्नर तुम्ही घेऊच नये. त्याबद्दल खाली वेगळं लिहिते, कारण त्याची मला खरी काळजी वाटते.

पण यादीपेक्षा मी तुमचं खाण्याचं पान जास्त वेळ वाचलं. सकाळी साडेपाचला चहा आणि दोन टोस्ट. नऊला पोह्यांची प्लेट. डब्यात दोन पोळ्या आणि दोडक्याची भाजी. चारला चहा-बिस्किट. जिमहून आल्यावर एक केळं. रात्री अर्धी भाकर, पालकाची भाजी, काकडी. आणि समासात तुम्ही लिहिलंय : ‘वरण-भात बंद केला आहे.’ खाली आणखी एक ओळ आहे : ‘रविवारी अंडाकरी असते. ह्यांना तीन, मुलाला दोन, मला एक.’

या दिवसाचा हिशेब मी मांडला. चहातलं दूध, पोह्यांतले फल्लीदाणे, पोळ्या, भाकर, पालक असं सगळं धरून प्रथिनं भरतात ३० ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) शिफारशीप्रमाणे साध्या, व्यायाम न करणाऱ्या निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमचं पुढच्या वर्षाचं लक्ष्य ६२ किलो धरलं, तरी ते ५० ग्रॅमच्या वर जातं. म्हणजे नुसतं घरात बसून राहायलाही तुम्हाला २० ग्रॅम कमी पडतायत. आणि तुम्ही तर रोज तासभर जिममध्ये घाम गाळता.

हे तुमच्या एकटीच्या घरात होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये ‘डाएट’ सुरू झालं की पहिला जातो भात. आणि आपल्याकडे वरण कोणी नुसतं पीत नाही, ते भातासाठी असतं. भात पानातून उठला की त्याच्या मागोमाग वरणही उठतं. कर्बोदकं कमी करायला निघालेली बाई नकळत डाळ सोडून बसते. वजनाचा काटा खाली सरकतो, म्हणून तिला वाटतं की बरोबर चाललंय.

आता हात का बारीक झाले ते सांगते. शरीराला रोजच्या खर्चापेक्षा कमी अन्न मिळालं की ते साठ्याला हात घालतं. साठा म्हणजे चरबी, हे आपल्याला माहीत असतं. पण शरीर स्नायूही मोडून खातं. स्नायू सांभाळायला खर्च येतो, आणि तंगीच्या दिवसांत जे वापरात नाही ते शरीर ठेवत नाही. ‘हा स्नायू वापरात आहे, याला हात लावू नकोस’ हे शरीराला कळतं ते त्या स्नायूवर नेमानं भार टाकल्यानं. आणि झीज भरून काढायचं सामान म्हणजे प्रथिनं. तुमच्या दिवसात या दोन्हींची वानवा आहे. व्यायामाचं तुम्ही लिहिलंय : ४० मिनिटं ट्रेडमिल, आठवड्यातून दोनदा झुंबा, शेवटी दोन-दोन किलोचे डंबेल. घटलेल्या पाच किलोंत चरबी आहेच, पण थोडा स्नायूही गेला असावा. पाण्याची कॅन तुम्हाला तेच सांगतेय.

चरबी घटवता घटवता स्नायू वाढू शकतो का? वाढू शकतो. तुमच्यासारख्या वजनं उचलण्यात नवख्या आणि अंगावर चरबी जास्त असलेल्या माणसाला तर ते चांगलं जमतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि आठवड्याचे सहा दिवस कसून व्यायाम करवला. निम्म्यांना किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं दिली, निम्म्यांना दुप्पट, २.४ ग्रॅम. कमी प्रथिनं घेणाऱ्यांचा स्नायू टिकला, पण वाढला म्हणण्यासारखा नाही. दुप्पट घेणाऱ्यांच्या अंगावर सरासरी १.२ किलो चरबीविरहित वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, चढलं, आणि चरबी त्यांची ४.८ किलो घटली. दुसऱ्या गटाची ३.५. ते पुरुष होते, तरुण होते आणि त्यांच्या पथ्यावर पहारा होता, तेव्हा तेवढ्याच आकड्यांची अपेक्षा आपण धरायची नाही. पण एक गोष्ट बघा : तुमच्या ३० ग्रॅमचा हिशेब ६२ किलोंवरसुद्धा किलोमागे अर्ध्या ग्रॅमच्या खाली येतो. त्या प्रयोगातल्या ‘कमी’ गटाच्या निम्म्याहूनही कमी.

तुम्हाला २.४ च्या मागे लागायची गरज नाही. वजनं उचलणाऱ्यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला, तर किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे फायदा फारसा वाढताना दिसत नाही. ६२ ला १.६ नं गुणलं की शंभराच्या आत-बाहेर. आपण ९५ धरू.

आता हे ९५ नागपुरातल्या स्वयंपाकघरातून कसे येतात ते बघू. सकाळी आठवड्यातले चार दिवस पोह्यांऐवजी मुगाच्या डाळीची धिरडी करा. ५० ग्रॅम डाळ रात्री भिजत घातली तर दोन मोठी धिरडी होतात. त्यात १२ ग्रॅम, सोबत मोठी वाटीभर दह्यात ५. डब्यात पोळ्या राहू द्या, दोडकंही राहू द्या, पण शेजारी मोटेची (मटकीची) किंवा बरबटीची (चवळीची) घट्ट उसळ हवी. मोठी मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम कोरडं कडधान्य घेतलं की ९ ग्रॅम. दोन पोळ्यांचे ७. चारच्या चहासोबत बिस्किटांऐवजी ४० ग्रॅम फुटाणे, ८. रात्री भाकर अर्धी नको, एक अख्खी खा, ५. झोपायच्या आधी पेलाभर दूध, ६. आणि रात्रीच्या भाजीत सोयाबीनच्या वड्या.

या वड्यांवर जरा थांबते, कारण आपल्याकडे त्यांची उगाच उपेक्षा होते. विदर्भाच्या शेतांत दरवर्षी एवढं सोयाबीन पिकतं, आणि आपण प्रथिनांसाठी परदेशी डब्यांवरची लेबलं वाचत बसतो. तेल काढून उरलेल्या पिठाच्या या वड्या. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५२ ग्रॅम प्रथिनं असतात आणि चरबी नावाला. म्हणजे ४० ग्रॅममध्ये २०. लोक वास येतो म्हणून टाळतात, तो वास धुण्यात कसर राहिल्यामुळे येतो. उकळत्या पाण्यात मीठ घालून दहा मिनिटं ठेवा. मग तळहातात दाबून फेसाळ पाणी काढा, गार पाण्यात बुडवून पुन्हा दाबा. दुसऱ्यांदा पाणी स्वच्छ येतं. त्यांना दही, आलं-लसूण, हळद आणि भिवापुरी तिखट चोळून अर्धा तास ठेवा, नि लोखंडी कढईत चमचाभर तेलावर कडा तांबूस होईपर्यंत परता. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून घाला. सावजी मसाल्याच्या रश्श्यातही त्या उत्तम लागतात, फक्त वर तरंगणारी तर्री थोडी बाजूला काढायची. तुमची थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी असेल, तर रात्रीच्या वड्यांनी काही बिघडत नाही. सोया, कॅल्शियम आणि लोह हे गोळीच्या जवळपास पोटात गेले तर ती नीट शोषली जात नाही, म्हणून चार तासांचं अंतर ठेवा.

एवढ्यात ७२ ग्रॅम झाले, चहातलं दूध आणि भाज्या धरून ७५. तीन अंड्यांचे १८ मिळवले की नव्वदीच्या वर. रविवारच्या अंडाकरीची वाटणी त्यासाठी बदलावी लागेल. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण आपल्या घरांमध्ये पनीर मुलाच्या डब्यात जातं, घट्ट दही नवऱ्याच्या पानात पडतं, आणि जी बाई पहाटे उठून हे सगळं करते तिच्या वाट्याला रस्सा येतो. तुमच्या यजमानांना हे पान वाचायला द्या. पहिली तीन अंडी तुमची.

तेल दिवसाला तीन-चार छोट्या चमच्यांत आवरलं, तर हे सगळं १७०० कॅलरींच्या आसपास बसतं. तुमच्या रोजच्या खर्चापेक्षा ते ३०० ते ४०० नं कमी असावं. वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरेल, आताच्यापेक्षा जरा सावकाश. तेच हवंय. फल्लीदाण्यांबद्दल एक सूचना : त्यांत प्रथिनं भरपूर, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. चटणीत चालतील, मुठीमुठीनं नको. हिवाळ्यात तुरीचे सोले निघाले की उसळीऐवजी सोल्यांची भाजी करा, तेवढा बदलही होईल.

राहिले सोमवार, गुरुवार आणि श्रावण. त्या दिवशी अंडी नाहीत, म्हणजे २० ग्रॅमची तूट. कधी १०० ग्रॅम पनीरनं ती भरेल. पण ऑफिसातून उशीर झाला, पनीर आणलेलं नाही, अशा दिवशी व्हेचा एक स्कूप पाण्यात ढवळून प्यायलात, तर माझी ना नाही. व्हे म्हणजे काही औषध नव्हे. घरी पनीर करताना दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी उरतं, त्याचंच ते भावंड. चीजच्या कारखान्यांत असं पाणी प्रचंड उरतं, त्यातली प्रथिनं गाळून वाळवली की पावडर. (घरच्या त्या पाण्यात प्रथिनं फार थोडी असतात, त्यात कणीक मळा, पण त्याला व्हे समजू नका.) साधारण ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २० ते २४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. ते अन्नच आहे, आणि अन्नासारखंच वापरायचं : जिथे कमी पडलं तिथे. व्यायामानंतर अर्ध्या तासात घेतलं नाही तर वाया जातं, हेही मनातून काढून टाका. दिवसभराची बेरीज महत्त्वाची, आणि ती तीन-चार जेवणांत विभागलेली असावी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवीन आहार-मार्गदर्शिका काढली. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असं तिच्यात स्पष्ट सांगितलंय. ज्या तरुणांनी जेवण बाजूला सारून शेकर हातात घेतला आहे, त्यांना मी हेच सांगते. तुमच्या बाबतीत मात्र आठवड्यातून दोन-तीन स्कूपनं भरणारी तूट मला तशीच सोडलेल्यापेक्षा भरलेली बरी वाटते. माझी खरी शंका वेगळी आहे, ती डब्यात काय भरलंय याची. २०२४ मध्येच भारतातल्या बाजारातल्या ३६ प्रथिन पावडरींची प्रयोगशाळेत तपासणी करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या जवळपास ७० टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रथिनांचं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळलं नाही. काहींत बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, सापडलं.

म्हणून घ्यायचंच असेल तर लहान डबा घ्या आणि पक्कं बिल घ्या. सुटी पावडर, पिशवीत बांधून दिलेली, कितीही ओळखीच्या माणसाकडची असली तरी नको. डब्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख असावी. मागचा तक्ता वाचा : १०० ग्रॅम पावडरीत ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं दिसली पाहिजेत. ‘मास गेनर’ लिहिलेल्या डब्यात बहुतेक साखरेचीच भावकी, माल्टोडेक्स्ट्रिन भरलेलं असतं. चवीचे सतरा प्रकार असलेल्या पावडरीपेक्षा घटकांची यादी आखूड असलेली घ्या.

बीसीएए म्हणजे तीन अमिनो आम्लं. स्नायू बांधायला बाहेरून लागणारी नऊ. नऊ गवंड्यांच्या कामावर तिघेच जास्तीचे पाठवले, तर भिंत उंच होत नाही. आणि ती तीन तुमच्या दह्यात, डाळीत, अंड्यात आहेतच.

क्रिएटिन हा या यादीतला सगळ्यात अभ्यासलेला पदार्थ आहे, आणि वजनं उचलताना त्याचा थोडा उपयोग होतो, बायकांनाही. मांस न खाणाऱ्यांच्या स्नायूंत क्रिएटिनचा साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक जाणवू शकतो. पण आत्ता नको. स्नायूंत पाणी धरल्यानं वजन किलोभर वाढतं, आणि तुमचा सगळा जीव काट्यावर असताना तुम्ही घाबराल. तीन महिने नीट वजनं उचलल्यावर हवंसं वाटलं, तर साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ग्रॅम. तेव्हा रक्ततपासणीत क्रिएटिनीन (किडनीचं काम ज्यावरून जोखतात ते) किंचित वाढलेलं दिसू शकतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगायचं.

आता फॅट बर्नर. माझ्या सख्ख्या भाच्यानं काही वर्षांपूर्वी अशी डबी आणली होती. वय २६, तब्येत ठणठणीत. मे महिन्यातली रात्र, बाहेर अजून लाही होत होती. अकराला त्याच्या आईचा फोन आला की पोराचं काळीज धडधडतंय आणि हात कापतायत. धंतोलीतल्या दवाखान्यात नेलं तेव्हा नाडी १४० च्या वर. रात्रभर तिथे त्याच्याजवळ बसले होते. त्यानं संध्याकाळी दोन गोळ्या घेतल्या होत्या, जेवण टाळलं होतं, पाणी जेमतेम प्यायला होता. तो वाचला, पण ती रात्र मी विसरलेले नाही. अशा पुष्कळ डब्यांत एका डोसाला २०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन असतं, सोबत ग्रीन टीचा दाट अर्क, आणि त्या अर्कानं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०११ मध्ये भारतात बंद झालं. तेच औषध लेबलवर नाव न लिहिता वजन घटवायच्या गोळ्यांत मिसळलेलं परदेशातल्या तपासण्यांत वारंवार सापडलंय. तुम्ही थायरॉइडची गोळी घेता. तिचा डोस जरासा जास्त झाला तरी छातीत धडधडतं, त्यावर हे उत्तेजक नको. ट्रेनर कितीही म्हणोत, या डबीला हात लावू नका.

सासूबाईंच्या भीतीला मी नाव ठेवणार नाही. ज्या घरातलं माणूस आठवड्यातून दोन-तीनदा मशीनला लागतं, त्या घरानं किडनीचं नाव निघालं की दचकावं हे साहजिक आहे. त्यांना असं समजावा : किडनी आधीच दुखावलेली असेल तर डॉक्टर प्रथिनं बेतानं खायला सांगतात, आणि ते ऐकून लोकांना वाटतं की प्रथिनांनीच किडनी जाते. निरोगी किडनीच्या माणसाला या प्रमाणातली प्रथिनं बाधल्याचा पुरावा नाही. डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रथिनांची गरज उलट वाढते, सासऱ्यांच्या आहारतज्ज्ञांनी हे सांगितलंही असेल. किडनी खरी जाते ती जास्त करून वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं आणि रक्तदाबानं. तरी त्यांच्या समाधानासाठी आणि तुमच्याही, खाणं बदलायच्या आधी रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. रिपोर्ट त्यांच्या हातात द्या.

त्याच रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि तीन महिन्यांची साखरही तपासून घ्या. केस गळण्यामागे कमी प्रथिनं असतील, लोह असेल किंवा थायरॉइडही. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत सगळ्याचं थोडं थोडं असतं आणि खऱ्या कमतरतेला ते पुरत नाही. नागपुरात उन्हाची काय कमी, पण स्कार्फ, हातमोजे आणि सनकोट घालून आपण स्कूटीवर बसतो, मग ड जीवनसत्त्व कमी निघालं तर आश्चर्य नाही. जे कमी निघेल ते डॉक्टर सांगतील तेवढं आणि तेवढेच दिवस घ्यायचं. शेजारणीला दिलेली ६० हजार युनिटची पुडी बघून आपण सुरू करायची नाही, जास्तीचं ड शरीरात साठतं.

व्यायामात मात्र मोठा बदल हवा, आणि त्यासाठी तुमचे ट्रेनर उपयोगी आहेत. त्यांना सांगा : आठवड्यातून तीन दिवस फक्त वजनं. स्क्वॉट, डेडलिफ्ट, छातीचा प्रेस, लॅट पुलडाउन, रोइंग. प्रत्येकाचे तीन सेट, ८ ते १२ वेळा, आणि शेवटची दोन जड गेली पाहिजेत. दोन किलोच्या डंबेलनं तुमच्या हाताला काहीच कळत नाही. भाजीची पिशवी त्याहून जड असते. एक वही ठेवा, तारीख आणि उचललेलं वजन लिहा. १२ वेळा सहज जमू लागलं की थोडं वाढवा. महाल भागातल्या आखाड्यांतले जुने पहिलवान डब्याशिवायच तयार झाले, पण ते रोज किती जोर-बैठका काढायचे तेही आठवा. अंग पुरुषी होईल ही भीती नको, बायकांच्या शरीरात तेवढं टेस्टोस्टेरॉनच नसतं. ट्रेडमिल बाकीच्या दिवशी ठेवा, किंवा सकाळी अंबाझरीला अर्धा-पाऊण तास चालून या.

आणि झोप. तुम्ही बाराला झोपता, पाचला उठता. शिकागो विद्यापीठातला २०१० चा एक छोटा प्रयोग मी प्रत्येकीला सांगते. दहा जादा वजनाच्या माणसांना सारखंच कमी खाणं दिलं. दोन आठवडे साडेआठ तास झोपायला दिले, दोन आठवडे साडेपाच. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं. पण कमी झोपेत उतरलेल्या वजनातली चरबी निम्म्याहून कमी झाली, आणि चरबीविरहित वजन ६० टक्के जास्त गेलं. साडेअकरा हजारांची कुठलीही यादी ही गळती बुजवू शकत नाही. आठवड्यातून तीन दिवस पहाटेचा डबा यजमानांनी करावा. धिरड्याचं पीठ तुम्ही रात्री वाटून ठेवलेलं असेल, तव्यावर ओतायला वीस मिनिटं लागतात.

काट्याचं वेड थोडं सैल करा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र ब्रिटिशाच्या अंगात ९.१ टक्के, आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२. आपल्या लोकांचं हे असंच आहे, काटा नॉर्मल दाखवतो आणि चरबी पोटात दडलेली असते. म्हणून दर पंधरा दिवसांनी सकाळी उपाशीपोटी बेंबीच्या पातळीवर टेपनं कंबर मोजा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या वरची कंबर धोक्याची धरतात. वजन महिनाभर हललं नाही, पण कंबर दोन सेंटीमीटर उतरली आणि वहीतला आकडा चढला, तर तुम्हाला हवं तेच घडतंय.

आठ आठवड्यांनी मला कंबरेचं माप, वहीतला पहिला आणि शेवटचा आकडा, आणि रक्ताचे रिपोर्ट पाठवा.

तर्री पोहा सोडू नका, ताई. आठवड्यातून एक प्लेट, तीही शनिवारी मैत्रिणींसोबत, ती कशाला सोडायची? ठेलेवाल्याला तर्री अर्धी घालायला सांगा, चणे मात्र वाढवून मागा. आणि निघताना पर्समध्ये दोन उकडलेली अंडी घेऊन जा, शनिवारी तुम्हाला ती चालतात.